रेकॉर्डी त्याच्या, प्लेअर तिचा

घटस्फोट झाला तेव्हा सामानाच्या वाटणीवरून भांडण असं झालंच नाही. दोघांच्या वकिलांनाही त्याचं नवल वाटलं होतं. भांडी तिची, कपाट त्याचं, जेवणाचं टेबल तिचं, टेबलाच्या खुर्च्यांपैकी दोन त्याच्या, असं करत दोघं या खोलीतून त्या खोलीत शांतपणे फिरले. जणू तिसऱ्याच कुणाचं घर आवरून देताहेत. घोडं अडलं ते बाहेरच्या खोलीतल्या लांब फळीपाशी. फळीवर रेकॉर्ड प्लेअर होता आणि खालच्या कप्प्यात उभ्या ओळीत रेकॉर्डी. रेकॉर्डी त्यानं लग्नाच्या आधीपासून एकेक करून जमवलेल्या. प्लेअर मात्र तिनं घेतलेला, तिला पहिली बढती मिळाली तेव्हा, त्याच्या वाढदिवसाला.

"प्लेअर घेऊन जा," ती म्हणाली. "मला काय करायचाय?"

"तुझ्या पैशाचा आहे."

"तुला दिला होता ना पण?"

"राहू दे. रेकॉर्डी माझ्या, प्लेअर तुझा. सरळ हिशोब."

हे बोलताना आपण मोठाच मोठेपणा दाखवतोय असं त्याला वाटलं होतं. खरं तर तो निव्वळ ताठा होता. आणि ताठा कुठल्या खोक्यात भरावा लागत नाही. नव्या घरी सामानाच्या आधी तोच जाऊन पोचतो.

नवं घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि अंग चोरून उभं राहावं लागेल अशी न्हाणी. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. रेकॉर्डींची खोकी भिंतीला लावून ठेवली, त्यावर चादर टाकली, आणि हळूहळू ती खोकी इस्त्रीचे कपडे ठेवायची जागा होऊन बसली. दोन खुर्च्यांपैकी एकीवर तो बसायचा, दुसरीवर वर्तमानपत्रं साठायची.

तो कवळ्या बनवायचा. एका इमारतीच्या तळघरात दातांची लॅब होती. शहरभरातल्या दंतवैद्यांकडून तोंडांचे साचे तिथं यायचे. त्या साच्यांवरून प्लॅस्टरची तोंडं ओतायची, मेणात दात बसवायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिकच्या हिरड्या घडवायच्या, घासून गुळगुळीत करायच्या. लॅबमधले सगळे त्याला काका म्हणत. दिवसभर लोकांची तोंडं हातात असायची, पण त्यातलं एकही बोलायचं नाही. शनिवारी दुपारी लॅब बंद झाली की सोमवार सकाळपर्यंत त्याचंही तोंड बंद. रविवारी ताईचा, म्हणजे मोठ्या बहिणीचा, फोन यायचा तेवढाच. तो आला नाही, तर सोमवारी पहिलं वाक्य बोलताना घसा खरखरायचा आणि शेजारच्या टेबलावरचा विचारायचा, "काका, सर्दी झाली का?"

"हो, थोडी," तो म्हणायचा.

असे दिवस बरेच गेले. मग एका रविवारी इस्त्री केलेला शर्ट काढताना एका खोक्याचा तळ फाटला आणि रेकॉर्डी घसरत जमिनीवर पसरल्या. उचलायला म्हणून तो खाली बसला तो तसाच बसून राहिला. एकेक पाकीट हातात घ्यायचं, पुढून बघायचं, मागून वाचायचं. कुठली कुणाकडून आणली, कुठलीसाठी दोन दिवस दुपारचं जेवण टाळलं होतं, कुठलीवर ओरखडा आहे आणि तो नेमका कुठल्या ओळीवर येतो, सगळं आठवत होतं. उपाशी माणसानं खानावळीच्या काचेतून आत बघत राहावं तसा तो ती पाकिटं बघत होता. पाय बधिर झाले तेव्हा तो उठला आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, "हे काही खरं नाही."

त्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा त्यानं आपणहून विषय काढला.

"ताई, मी रेकॉर्ड प्लेअर घ्यायचं म्हणतोय."

"अरे देवा! आधी गादी घे. त्या पातळ गादीवर झोपून पाठीचा काटा ढिला होईल."

"गादी नंतर."

"बरं बाबा. यांच्याकडचा तो जुना ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर माळ्यावर पडलेत. ते घेऊन जा एकदाचे, माळा तरी मोकळा होईल."

भावोजींनी ते सामान स्वतः आणून दिलं. वर बसून चहा घेतला, एकमेव रिकाम्या खुर्चीवर, आणि तो खोक्यावर टेकला. भावोजी तसे अबोल. चहा संपेपर्यंत दोघांनी पंख्याबद्दल चर्चा केली. ॲम्प्लिफायर जुना असल्यामुळे त्याच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेअरची तार लावायची खास जागा होती, हे मात्र बरं झालं. नव्यात ती नसते, त्यासाठी वेगळी डबी विकत घ्यावी लागते. म्हणजे आता फक्त प्लेअर. घराचं भाडं आणि कर्जाचा त्याच्या वाट्याचा हप्ता गेला की पगारात फार काही उरत नव्हतं. त्यानं लॅबमध्ये जादा काम मागून घेतलं, आणि महिन्यांमागून महिने थोडं थोडं बाजूला टाकलं.

लॅबमध्ये सिरॅमिकच्या कॅप बनवणारा एक जण होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. कारण कुठलाही विषय काढला की तो व्याख्यान द्यायचा. हायफाय, म्हणजे उंची आवाजाची यंत्रं, हा त्याचा सगळ्यात आवडता विषय. काकांनी आपण किती खर्च करू शकतो तो आकडा सांगितला तेव्हा प्रोफेसरनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"यात?" तो म्हणाला. "काका, यात चांगली वायर येते."

"प्लेअर येत नाही?"

"येतो. पण मग तुम्हाला जे ऐकू येईल त्याला मी संगीत म्हणणार नाही."

"तुम्ही नका म्हणू. मी म्हणेन."

सगळे हसले. प्रोफेसर मनानं वाईट नव्हता. दुपारी तो टेबलापाशी आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक करा. बॅगेसारखे उघडतात ना ते रंगीत प्लेअर, ते घेऊ नका. त्यांची सुई फार दाब देते, रेकॉर्डी खरवडून निघतात. जुना बघा. पण फिरवून बघा, ऐकून बघा. आणि सुई बदलायला थोडे पैसे राखून ठेवा."

ताईला ही अक्कल कोण शिकवणार? पुढच्या शनिवारी ती त्याला ओढून मॉलमध्ये घेऊन गेली आणि नेमक्या त्याच रंगीत पेटीपुढे उभी राहिली. आकाशी रंग, सोनेरी कड्या, स्पीकर आतच.

"बघ किती गोड आहे! फुलदाणीशेजारी छान दिसेल."

"माझ्याकडे फुलदाणी नाही ताई."

"म्हणूनच तर म्हणते."

विक्रेत्यानं बटण दाबलं. पेटीतून आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात कुणाला कोंडल्यासारखा. त्यानं सुईच्या दांडीखाली, आर्मखाली, बोट धरून ती हळूच उचलून पाहिली. कवळी हिरडीवर किती दाबेल हे बोटांनी ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. त्या सुईचा भार बोटावर आला आणि त्याच्या अंगावर काटा आला. घरच्या रेकॉर्डी एकेक करून या यंत्राखाली जातील, या विचारानंच त्यानं काढता पाय घेतला. ताईचा चेहरा पडला. मग तिची समजूत काढायला त्यानं तिला आइस्क्रीम खाऊ घातलं. ती खाता खाता म्हणाली, "तुला म्हणून सांगते, एकट्या माणसानं इतकं चोखंदळ असू नये." तिला टोचायचं नव्हतं, पण ते बसायचं तिथं बसलं.

जुन्या यंत्रांचं दुकान लायब्ररीमागच्या गल्लीत होतं. पुढून अरुंद, पण आत लांबच लांब बोळासारखं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रेडिओ, टेपरेकॉर्डर, पोटं उघडी पडलेले ॲम्प्लिफायर. दुकान एक धिप्पाड बाई चालवत. गळ्यात साखळीला चष्मा, हातात स्क्रूड्रायव्हर. बोलणं तोडून, पण ऐकून घेणाऱ्या.

"काय लावता?" त्यांनी विचारलं.

तो गोंधळला. एवढ्या दिवसांत किती खर्च करणार हे सगळ्यांनी विचारलं होतं. काय ऐकता हे कुणीच विचारलं नव्हतं. "जुनी गाणी," तो म्हणाला. "आणि नुसती वाद्यं. व्हायोलिन जास्त."

"खिसा केवढा?"

त्यानं सांगितलं. बाईंनी तोंड वाकडं केलं नाही. आत जाऊन त्यांनी एक काळा प्लेअर आणला. साधा, बेल्टवर चालणारा, कसलीही झगमग नाही. "एकाच घरात होता. वापर कमी. काहीच आपोआप होत नाही याच्यात. सुई तुम्हीच ठेवायची, तुम्हीच उचलायची. पण मोटर शांत आहे."

त्यांनी एक रेकॉर्ड लावली. आवाज स्वच्छ होता, जरा कोरडा, पण सरळ. प्लॅस्टिकचं काही तडतडत नव्हतं. तो ऐकत उभा राहिला आणि आपण श्वास रोखून धरलाय हे त्याच्या ध्यानात आलं.

"नवी सुई घालून तुमच्या पैशात बसतो," बाई म्हणाल्या. "आणखी एक आहे. तो याहून वरच्या दर्जाचा, पण स्वस्तात देते. दिसायला जरा बिघडलाय. बघायचाय?"

"बघू."

बाईंनी खालच्या फळीवरून दुसरा प्लेअर काढला, फडक्यानं पुसला आणि काउंटरवर ठेवला. लाकडी कडांचा, धुरकट झाकणाचा. झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात, बिजागरीपाशी, एक लांबट गुलाबी डाग होता.

त्यानं हात पुढे करून त्या डागावर बोट फिरवलं.

"कुणीतरी च्युइंगम लावून चिकटवलंय," बाई म्हणाल्या. "त्याच्यापायी गिऱ्हाईक नाक मुरडतं. बाकी यंत्र एक नंबर."

"च्युइंगम नाही ते," तो म्हणाला. "ॲक्रिलिक आहे. कवळीचं."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी कवळ्या बनवतो."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून डाग नखानं टोकरला. "असेल. पक्कं बसलंय खरं."

पक्कं बसणारच. लग्नाला चारेक वर्षं झाली असतील तेव्हा. खिडकीचा पडदा काढताना तिच्या हातून दांडी निसटली आणि झाकणाचा कोपरा उडाला. आपणच घेतलेली वस्तू आपणच फोडली म्हणून ती रडवेली झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं लॅबमधून डबीत भुकटी आणि बाटलीत द्रव आणला. बिनरंगी संपलं होतं, म्हणून गुलाबी. दोघं जमिनीवर मांडी घालून बसले. तिनं तुकडा धरला, त्यानं भरलं. सुकल्यावर तिनं लांबून बघितलं आणि म्हणाली, "झालं! आता याला हिरड्या आल्या. दात कधी येणार?" मग दोघं इतके हसले की खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवून विचारलं, काय झालं म्हणून.

बाई काहीतरी विचारत होत्या. "लावून दाखवू?"

"हां."

आर्म खाली उतरताना किंचित थबकला आणि मग टेकला. तो थबकणार हे त्याला माहीत होतं. आवाज आला आणि बोळासारख्या त्या दुकानात त्याला भिंतीतली लांब फळी दिसली, खालची लादी दिसली, लादीवरचा ऊन पडायचा चौकोन दिसला.

"हा कुणी विकला?" त्यानं विचारलं.

"एक बाई आल्या होत्या. दोनतीन महिने झाले असतील. घासाघीस नाही काही नाही, मी म्हटली ती किंमत घेतली. जाताना एवढंच विचारलं, असली यंत्रं आता नेतं कोण? मी म्हटलं, ज्यांच्याकडे रेकॉर्डी असतात ते."

"मग?"

"मग काय? 'बरोबर आहे' म्हणाल्या आणि गेल्या."

त्यानं दोन्ही प्लेअर शनिवारपर्यंत बाजूला ठेवायला सांगितलं.

"दोन्ही घेताय की काय?"

"नाही. ठरवतो."

ठरवायचं काय होतं? यंत्र वरच्या दर्जाचं, किंमत कमी, आणि ती कमी कशानं झाली तर त्याच्याच हातच्या कामानं. प्रोफेसरला विचारलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं. पण दोन दिवस लॅबमध्ये त्याचं लक्ष लागेना. एका साच्यावर वरचे दात खालच्या जबड्याला लावून बसला, आणि अशी चूक त्याच्या हातून शिकाऊ असतानाही झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं चप्पलही न काढता तिला फोन लावला. घटस्फोटानंतर दोघांचं बोलणं झालं होतं ते कर, हप्ता आणि एका चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या पार्सलबद्दल. ती एका हॉस्पिटलच्या औषधांच्या काउंटरवर काम करायची. मागून कुणाचा तरी नंबर पुकारल्याचा आवाज येत होता.

"कामात आहेस?"

"निघतेच आहे. बोल. काही झालंय का?"

"नाही. एक विचारायचं होतं. प्लेअर विकलास?"

"कुणी सांगितलं?"

"दुकानात बघितला. लायब्ररीमागच्या."

"तू काय करत होतास तिथं?"

"प्लेअरच बघायला गेलो होतो."

पलीकडून नाकातून आल्यासारखं छोटं हसू ऐकू आलं. मग ते थांबलं. "म्हणजे इतके दिवस तुझ्याकडे..."

"नव्हता."

"आणि त्या सगळ्या रेकॉर्डी?"

"खोक्यात."

"अरे, मला वाटलं, तू आठवडाभरात नवा आणला असशील. हातपाय धुऊन, कडक चहा घेऊन, लावून बसला असशील. मी ते चित्र बघून चिडायचेसुद्धा कधी कधी." मागचे आवाज कमी झाले; ती बाहेर आली असावी. "मी रोज पुसायचे तो. एकदा चालूही केला. थाळी फिरत राहिली नुसती. घरात लावायला एक रेकॉर्ड नाही. मी आपली बघत बसले वेड्यासारखी."

"एखादी मागायचीस."

"तू एखादी ठेवायचीस."

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं. पंपाचा आवाज वर येत होता.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "तुला वाटायचं, मला गाण्यात रस नाही. मला गाणी आवडायची. पण मी काही बोलायला आले की तू हात वर करायचास. 'ही बाजू संपू दे.' बाजू संपेपर्यंत मी काय बोलायला आले होते तेच विसरायचे. मग तू विचारायचास, काय म्हणत होतीस? आणि मी म्हणायचे, काही नाही. असं किती वर्षं चाललं?"

"मला कळलं नाही."

"हो. ते मला माहितेय."

पायातली चप्पल काढत त्यानं विचारलं, "मी घेऊ का तो?"

"मला काय विचारतोस? दुकानाचा आहे आता."

"तरी."

"घ्यायचा तर घे. पण माझ्याकडून परत मिळाला असं मनात धरून घेऊ नकोस. मी विकलाय तो." आणि मग, जरा मऊपणानं, "बस आली माझी. ठेवते."

शनिवारी लॅब सुटल्यावर तो थेट दुकानात गेला. बाईंना सांगून त्यानं दोन्ही प्लेअर पुन्हा लावून घेतले, तीच रेकॉर्ड, तीच बाजू. आधी काळा. मग तो जुना, हिरड्यांचा. जुन्याचा आवाज भरदार होता, त्यात शंकाच नाही; व्हायोलिनच्या खालच्या सुरांना त्यात अंग होतं. पण अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण ऐकत नाही आहोत, मान वळवून सारखं दाराकडे बघतो आहोत. दुकानाच्या दारातून रस्ता दिसत होता, त्यावरून माणसं जात होती. आत कुणीच येत नव्हतं. तरी, काही सांगायला कुणी यायचं असल्यासारखी, मान वळतच होती.

"काळा द्या," तो म्हणाला.

"खात्री आहे? हा गुलाबीवाला स्वस्त पडतो. आवाजही उजवा."

"उजवा आहे. काळाच द्या."

बाईंनी खांदे उडवले, नवी सुई बसवली, भार तोलून दिला, आणि प्लेअर जुन्या चादरीत बांधला. निघताना त्यानं विचारलं, "तो जाईल का?"

"जाईल हो. एखादा डोळे झाकून ऐकणारा आला की जाईल."

बसमध्ये ते गाठोडं त्यानं मांडीवर धरलं होतं. शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळ आहे का?" आणि मग स्वतःच चादर बघून हसल्या. त्यालाही हसू आलं. लॅब सुटल्यानंतरचं त्याचं तेवढंच संभाषण, दुकान सोडून.

रविवारची सकाळ मांडामांड करण्यात गेली. प्लेअरसाठी आणलेल्या छोट्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली त्यानं लॅबमधल्या मेणाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून प्लेअर पाण्यासारखा सपाट केला. इथपर्यंत काम एकट्याचं होतं. स्पीकर लावताना मात्र पंचाईत झाली. एकानं खुर्चीत बसून ऐकायचं आणि दुसऱ्यानं स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवायचा, अशी ती रीत. तो स्पीकर सरकवायचा, धावत खुर्चीत येऊन बसायचा, ऐकायचा, पुन्हा उठायचा. दमल्यावर त्यानं ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवला.

"ताई, तू आता मी आहेस असं समज. आवाज मधून येतोय का?"

"फोनमधून येतोय."

"तसं नाही गं. डावीकडून जास्त की उजवीकडून?"

"मला डावीकडे तुझी वाळत घातलेली बनियनं दिसतायत. फाटलीयत ती, फेकून दे."

"ताई!"

"छान येतोय, छान येतोय. आता बस की एकदाचा."

मग तो बसला. व्हायोलिनची एक रेकॉर्ड त्यानं निवडली होती, तीही बराच वेळ घेऊन. बोटाच्या टोकानं आर्म उचलला, कडेवर आणला, सोडला. बारीक खरखर झाली आणि खोली भरली. त्याला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. उलट सगळं फार जवळचं आणि नेमकं वाटलं; वादकानं मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बाजू संपली. त्यानं सुई उचलली. खोलीत एकदम शांत झालं आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "हां, काय म्हणत होतीस?"

दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रं होती. त्यानं ती उचलली आणि रद्दीत नेऊन टाकली. खुर्ची रिकामी राहिली.

पुढे त्याचा नेम झाला. संध्याकाळी घरी यायचं, एक बाजू ऐकायची, मग स्वयंपाकाला लागायचं. एकच बाजू, जास्त नाही. प्रोफेसर एकदा घरी येऊन ऐकून गेला आणि जाताना म्हणाला, "वाईट नाही. वायर तेवढी बदला." सोमवारी घसा पूर्वीसारखाच खरखरायचा, गाणं ऐकून गळा सुटत नाही. पण तो गाण्याबरोबर गुणगुणायला लागला, तेव्हा जरा फरक पडला.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी तिचा फोन आला. हप्त्याची तारीख नव्हती. त्यानं लावलेली बाजू अजून अर्धी होती. त्यानं सुई उचलली आणि मग फोन घेतला.

"काही झालंय का?" त्यानं विचारलं.

"नाही रे. मूर्खपणाच आहे. सकाळपासून डोक्यात एक सुरावट अडकलीय, ती कशातली ते आठवेना. काउंटरवर चुकीची गोळी देणार होते मी त्यापायी. तुझ्याकडची होती ती. म्हणून दाखवू?"

"दाखव."

तिनं गुणगुणून दाखवलं. ती कायमच बेसूर गायची. त्यानं दोनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच हसायला लागली, आणि हसता हसता जो एक सूर चुकून बरोबर लागला त्यावरून त्यानं ओळखलं.

"थांब, ठेवू नकोस," तो म्हणाला. तिसऱ्या खोक्यातून रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. फोन स्पीकरसमोर धरला. हात अवघडला तेव्हा त्यानं कोपर गुडघ्यावर टेकवलं, पण फोन हलू दिला नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. तिची सुरावट दुसऱ्यातच होती. तरी त्यानं बाजू पूर्ण होऊ दिली, कारण पलीकडून ती काही म्हणाली नव्हती.

संपल्यावर त्यानं फोन कानाला लावला. "हीच ना?"

फोन केव्हाच बंद झाला होता. केव्हा, ते त्याला कळलंच नव्हतं. त्यानं फोनच्या स्क्रीनकडे बघितलं, परत फोन लावावा असं मनात आलं, पण लावला नाही. रेकॉर्ड पाकिटात घातली. मग ती खोक्यात न ठेवता टेबलावरच उभी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो प्लॅस्टर ओतत असताना खिशातला फोन थरथरला. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. त्यानं शेजारच्याला खिशातून फोन काढून समोर धरायला सांगितला.

तिचा मेसेज होता. "काल बॅटरी गेली. दुसऱ्या गाण्याच्या शेवटापर्यंत ऐकलं. तेच होतं. चांगला वाजतो तुझा प्लेअर."

"काका, काय उत्तर लिहू?" शेजारच्यानं विचारलं.

"राहू दे, मी लिहितो," तो म्हणाला.

हात धुऊन तो जिन्यात गेला. खूप काही लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी फक्त एवढंच पाठवलं, "काल तू आणखी काही म्हणणार होतीस का?"

उत्तर लगेच आलं नाही. आत प्लॅस्टर घट्ट होत आलं असणार, म्हणून तो फोन खिशात टाकून कामावर परतला.